मनोभाराची वाटणी

सकाळी साडेसातला, चहाच्या आधी, पूर्व विभागात पट्ट्यांचा ट्रे फिरायचा. चहा घेतला की लाळ बिघडते, म्हणून आधी पट्टी आणि मग चहा. बोटाएवढी पांढरी पट्टी जिभेखाली दोन मिनिटं धरायची, उशाशी असलेल्या यंत्रात सरकवायची, की आकडा यायचा. चाळिसाच्या आत आला तर काही नाही. चाळीस ते सत्तर आला तर दुपारी समुपदेशक येऊन बसायचा. सत्तरच्या वर गेला तर पलंगावर तांबडा दिवा लागायचा, पेशंटला सिस्टरच्या टेबलासमोर हलवायचे, चोवीस तास कोणीतरी शेजारी बसायचं आणि तासाभरात विभागाच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. नसीम मुजावर स्वतः हजर व्हायच्या. त्या माणसाच्या मनात जीव द्यायचा विचार घोळतोय, असा त्या दिव्याचा सरळ अर्थ होता.

रुग्णालयाचं नाव सांगत नाही. कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावातलं, एवढं पुरे. पूर्व विभाग म्हणजे तिथला कॅन्सरचा विभाग, पण तशी पाटी दारावर नव्हती. नवी इमारत झाली तेव्हा लावली होती एकदा. आठ दिवसांत नातेवाइकांनी प्रमुखांना घेराव घातला. आमच्या माणसाला आम्ही सांगितलेलं नाही आणि तुम्ही दारावर लिहून ठेवता, हे काय चाललंय? पाटी निघाली आणि तिच्या जागी नुसती दिशा आली. तोवर शस्त्रक्रिया यंत्रमानव करायला लागले होते, औषधं माणसागणिक वेगळी बनत होती, पण घरच्या माणसाला त्याचा आजार सांगायचा नाही ही आपली रीत काही तसूभर हलली नव्हती.

आता ही पट्टी काय मोजायची ते सांगायला हवं. कॅन्सरच्या पेशंटांमध्ये जीव नकोसा होणारे बरेच असतात हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. त्यांना ओळखायचं कसं हा प्रश्न होता. आधी एक छापील फॉर्म असायचा. गेल्या आठवड्यात तुम्हाला किती त्रास झाला, शून्य ते दहात सांगा. आता बायको शेजारी, मेहुणा पायथ्याशी, समोरच्या पलंगावरचा कान टवकारून बसलेला. अशात कोण सांगणार आठ म्हणून? सगळे दोन सांगायचे. 'मजेत आहे' सांगून संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मग क्लांतकांचा शोध लागला. क्लांतक म्हणजे तीन प्रथिनं. तोच तो विचार मेंदूत दिवसरात्र फिरत राहिला, 'आता पुरे' पाशी येऊन थांबू लागला, की मेंदूतल्या पेशी ती रक्तात सोडतात आणि तिथून ती लाळेत उतरतात. रडलं, चिडलं, एका दिवसापुरतं वाईट वाटलं, तर ती वाढत नाहीत. ओझं बरेच दिवस एकट्याने वाहिलं तर वाढतात. त्या ओझ्याला डॉ. मुजावर मनोभार म्हणायच्या. पट्टी मनोभार मोजते, ताप मोजावा तसा. तापाला खोटं बोलता येत नाही तसं हिलाही येत नाही, असं त्या प्रत्येक नव्या बॅचला सांगायच्या. तीन वर्षांत विभागातून एकही माणूस त्या मार्गाने गेला नव्हता, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. असायलाच हवा होता.

तर त्या विभागात नऊ नंबरच्या पलंगावर रंगनाथ घाडगे होते. एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. पस्तीस वर्षं स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या लावल्या आणि माइकवर पुकारल्या. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. अन्ननलिकेचा कॅन्सर, तिसऱ्या टप्प्यात. आप्पांना मात्र 'जुना अल्सर चिघळलाय' असं सांगितलेलं. सांगणारी त्यांची एकुलती एक मुलगी प्रणिता फडतरे. वय छत्तीस, नवऱ्याशी फारकत झालेली, पदरात नऊ वर्षांची कृत्तिका. प्रणिता बँकेतून बिनपगारी रजा घेऊन आली होती. दिवसभर वॉर्डात. रात्री पुरुषांच्या वॉर्डात बायकांना थांबू देत नसत, म्हणून समोरच्या गल्लीत एक खोली घेतली होती, तिथे मायलेकी झोपायच्या. कृत्तिका जवळच्याच शाळेत जायची.

आप्पांना एक खोड होती. दिसेल ते वाचायचं. औषधाच्या बाटलीवरचं, सलाइनच्या पिशवीवरचं, सिस्टरच्या बिल्ल्यावरचं, सगळं, आणि मोठ्याने. पस्तीस वर्षं पाट्या वाचून दाखवायचं काम केलेला माणूस, दुसरं काय होणार. आणि पट्टीच्या पाकिटावर सरकारी नियमाने ठळक छापलेलं असायचं, 'कर्करोगग्रस्त रुग्णांसाठी'.

पट्टी सिस्टरनेच लावायची, असा नियम होता. पण बेचाळीस पलंग आणि दोन सिस्टर. आपल्याकडे पेशंटचं निम्मं काम नातेवाईकच करतात. स्ट्रेचर ढकलतात, रिपोर्ट आणतात, सलाइन संपलं की हाक मारतात. तेव्हा पहिल्याच सकाळी प्रणिता ट्रेजवळ जाऊन म्हणाली, "सिस्टर, द्या इकडे, मी लावते त्यांना." सिस्टर सुवार्ता गायकवाडांनी पाकीट तिच्या हातात दिलं आणि त्या पुढच्या पलंगाकडे वळल्या. प्रणिता न्हाणीघरात गेली. पाकीट फाडलं, चुरगाळून पर्समध्ये टाकलं आणि पट्टी स्वतःच्याच जिभेखाली धरली. दोन मिनिटांनी बाहेर येऊन, आप्पांची नजर चुकवून, ती त्यांच्या यंत्रात सरकवली. चाळीसच्या आतच येईल, आपल्याला काय झालंय, असं तिला खरंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी आकडा आला अडतीस.

पंधरवड्यात तो पन्नास झाला. मग एकसष्ट. समुपदेशक येऊन आप्पांशी गप्पा मारून गेला आणि आप्पांनी त्याला कोल्हापूर मार्गावरच्या घाटातले तीन किस्से ऐकवले. प्रणिताला तो आकडा बघवत नव्हता, पण आता सांगायचं कुणाला? सांगितलं तर पट्टी आप्पांना लावणार, आप्पा पाकीट वाचणार. एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप. ती रोज न्हाणीघरात जात राहिली.

एका सोमवारी आकडा आला चौऱ्याऐंशी. नऊ नंबरवर तांबडा दिवा लागला.

दोन वॉर्डबॉय आले आणि आप्पांचा पलंग ढकलत सिस्टरच्या टेबलासमोर घेऊन गेले. शेजारी खुर्ची टाकून एक मावशी बसली. आप्पांना वाटलं बढती मिळाली. "हे बरंय की," ते म्हणाले, "इथनं सगळी ये-जा दिसते." प्रणिता भिंतीला टेकून उभी होती. तो दिवा तिच्या लाळेने लागला होता, आणि त्याचा अर्थ काय हे विभागात लहान मुलालाही माहीत होतं.

डॉ. मुजावर आल्या, स्टूल ओढून बसल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू.

"काका, झोप लागते का?"

"लागते की. पहाटे पाचला जाग येते, पहिली गाडी पाचचीच असायची."

"मनात काही वाईट विचार येतात? हे सगळं संपावं, असं काही?"

आप्पांनी मुलीकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "अल्सरला एवढं कोण घाबरतं, मॅडम? गिळताना दुखतं, तेवढंच. नातीची चौथी आहे यंदा. मला कशाला संपायला पाहिजे?"

डॉक्टर गोंधळल्या. चौऱ्याऐंशी आकड्याचा माणूस असा बोलत नाही. पण पट्टी चुकत नाही, तेव्हा माणूसच लपवत असणार, असं त्यांनी ठरवलं. इथेच त्या चुकल्या, आणि नुसत्या एक दिवस नाही, तीन दिवस चुकल्या. तीन दिवस त्या रोज येऊन तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिल्या. मावशी आप्पांच्या मागे न्हाणीघराच्या दारापर्यंत जायची. तिसऱ्या दिवशी आप्पांचं बोलणं कमी झालं. त्यांनी प्रणिताला विचारलं, "खरं सांग. माझ्यावर एवढा पहारा कशापायी?" ती म्हणाली, "नवीन नियम आलाय, आप्पा."

चौथ्या दिवशी डॉक्टर सहज बोलून गेल्या, "सकाळची पट्टी जिभेखाली नीट दोन मिनिटं धरता ना, काका?"

"कसली पट्टी?"

"ही सकाळची. पांढरी."

"मला नाही बाई कुणी पट्टी लावली," आप्पा म्हणाले. "बाकीच्यांना लावतात, बघतो मी. मला वाटलं अल्सरवाल्यांना लागत नसेल."

डॉक्टरांनी मान वळवली. प्रणिता डब्याचं झाकण हातात धरून उभी होती. ते झाकण ठेवावं कुठे हेही तिला सुचत नव्हतं. बाई पंचवीस वर्षं या कामात होत्या, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. चौऱ्याऐंशी आकड्याचा माणूस गेले चार दिवस डोळ्यांसमोर उभा होता आणि आपण पलंगावरच्याला प्रश्न विचारत बसलो, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी प्रणिताला आपल्या खोलीत नेलं. दार लावलं, पाणी दिलं.

"किती दिवस?"

"पहिल्यापासून." प्रणिता खाली बघत होती. "मॅडम, पण यंत्राला कळत कसं नाही, कुणाची लाळ आहे ते?"

"थर्मामीटरला कळतं का, कुणाची काख आहे ते?" डॉक्टर म्हणाल्या. "पट्टी फक्त मनोभार मोजते. तो आप्पांचा आहे असं आम्हीच धरून चाललो." त्या पुढे झुकल्या. "प्रणिता, सरळ विचारते. मरून जावंसं वाटतं का तुला?"

विचारायला उशीर झाला होता, पण विचारलं हे चांगलं झालं. प्रणिता आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "आप्पांचं सगळं उरकल्यावर, असं वाटतं. आधी नाही. आधी मला काही झालं तर त्यांना कोण बघणार?" आणि मग ती रडली. दोन महिन्यांत ती कुणासमोर रडली नव्हती. वॉर्डात रडायचं नाही, कारण आप्पा बघतात. खोलीत रडायचं नाही, कारण कृत्तिका बघते. फोनवर रडावं असं कोणी उरलं नव्हतं.

"हे ओझं एकटीने उचलायचं नसतं गं," डॉक्टर म्हणाल्या. "आप्पांना सांगू या."

"नाही." ती ताडकन उठली. "आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं होतं. आठ दिवसांत हाय खाऊन गेले. आप्पा ऐकूनच खचतील. मी मरेन, पण सांगणार नाही."

"तेच तर होऊ घातलंय," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या.

दुपार गेली त्यात. प्रणिताला फाइल नव्हती. रुग्णालयात फाइल पेशंटची असते, नातेवाइकाला नंबर नसतो, त्याच्यासाठी ना तांबडा दिवा ना मावशी. डॉक्टरांनी नियम वाकवून तिच्या नावाने फाइल उघडली, रोज भेटायचं ठरवलं, खोलीत एकटी राहू नये म्हणून रात्री झोपेपर्यंत एका मावशीला सोबत दिली. पण मुळाशी ते गुपित होतं आणि ते गेल्याशिवाय आकडा खाली येणार नाही, हे त्या पुन्हापुन्हा सांगत राहिल्या. शेवटी प्रणिताने मान हलवली. पटलं म्हणून नाही, दमली म्हणून.

सांगण्याआधी डॉक्टरांनी एक केलं. पाकीट काढून टाकून एक पट्टी आप्पांना लावली. ही त्यांची पहिली खरी पट्टी. आकडा आला बारा.

मग त्यांनी आप्पांना सांगितलं, प्रणिताच्या देखत. अल्सर नाही, कॅन्सर आहे. बराच पुढे गेलाय. उपचार चालू आहेत, पण पूर्ण बरं होईल असं सांगता येत नाही. आप्पा ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "हे हिला कधीपासून माहीत आहे?" दोन महिने, असं कळल्यावर त्यांनी मुलीचा हात धरला. "एवढं बारकं पोर तू, आणि एकटीने वागवलंस होय गं." छत्तीस वर्षांच्या बाईला ते बारकं पोर म्हणाले. दोघंही रडली, आणि टेबलामागे सिस्टर सुवार्ताही रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या पट्ट्या घेतल्या. प्रणिता एक्केचाळीस. आप्पा पंचावन्न.

डॉ. मुजावर त्या दोन आकड्यांकडे बघत राहिल्या. काल चौऱ्याऐंशी आणि बारा. आज एक्केचाळीस आणि पंचावन्न. त्यांनी कागदावर बेरीज केली. काल शहाण्णव. आज शहाण्णव.

योगायोग असेल म्हणून त्यांनी आणखी घरं धुंडाळली. कडक देखरेखीखाली सगळ्या वॉर्डाच्या पट्ट्या पुन्हा घेतल्या, आणि तेव्हा कळलं की बेचाळीस पलंगांपैकी अकरा पट्ट्या पेशंटच्या नव्हत्याच. कुठे बायको, कुठे सून, कुठे थोरला भाऊ न्हाणीघरात जात होता. पाकिटाचीच भीती सगळ्यांना. ज्या घरांनी नंतर गुपित उघडं केलं, त्या प्रत्येक घरात एकाचा आकडा उतरला, दुसऱ्याचा चढला आणि बेरीज तीच राहिली. मनोभार नाहीसा होत नाही, वाटला जातो. आजार वाढला तर एकूण भार वाढतो, पण वाटणीचा नियम सुटत नाही. बाईंनी याला भारवाटप नाव दिलं. सत्तरच्या वर कोणालाही जाऊ द्यायचं नसेल तर उचलणारे हात वाढवायचे, इतकं साधं. महिनाभरात यंत्रातच ती सोय झाली. घरातल्या माणसांचे आकडे भरले की यंत्र सांगायचं, आता कोणाला सांगा आणि सांगितल्यावर कोणाचा किती होईल. बाकीच्या रुग्णालयांतून फोन येऊ लागले. बाई खूश होत्या, आणि लोकांचे जीव वाचतही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रणिता पुन्हा जेवू लागली. बापलेक जुन्या गोष्टी काढून बसायचे. आप्पा पाकिटावरचं आता मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "दे, माझीच आहे."

मग दिवाळीनंतरचं स्कॅनिंग झालं. गाठ यकृतात पोचली होती.

त्या आठवड्यात आप्पांचा आकडा अडुसष्टवर गेला, प्रणिताचा त्रेसष्टवर. दोघांत मिळून एकशे एकतीस, आणि आजार तर अजून वाढणार होता. औषधं सुरू झाली, समुपदेशन वाढवलं. त्याने दोन-चार अंक इकडेतिकडे झाले, बस. दोघांपैकी कोणीतरी सत्तरच्या पलीकडे जाणार हे दिसत होतं, आणि कोण जाईल याची डॉक्टरांना धास्ती होती. आप्पांना मरण समोर दिसत होतं. पण प्रणिता 'सगळं उरकल्यावर' म्हणाली होती, आणि आता उरकणं जवळ येत चाललं होतं.

डॉक्टरांनी यंत्रात घराची माहिती भरली. नवरा वेगळा, भाऊबहीण नाही, आई नाही. यंत्राने एकच नाव सुचवलं. कृत्तिका फडतरे, वय नऊ. अंदाजे आकडा सहा. तिला सांगितल्यास तिघांचे आकडे पंचेचाळीसच्या आसपास राहतील.

गणित बरोबर होतं. तरी बाईंना ते शिसारी आणणारं वाटलं, आणि आपणच यंत्राला हे शिकवलंय याची त्यांना लाज वाटली.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते एकदम कडक झाले. "त्या लेकराच्या डोक्यावर? माझा आकडा शंभर झाला तरी चालेल. तिला कोणी काही सांगायचं नाही." मग प्रणिता हळूच म्हणाली, "मॅडम, तिला माहितीच नाही काही. आजोबांचं पोट दुखतं, एवढंच माहीत आहे. ती मजेत असते. तेवढी एकच जागा आहे घरात."

"सांगायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त पट्टी घेऊ. वयाप्रमाणे सहा-सात असेल. तसं लिहून ठेवते, आणि लहान मुलांचे आकडे यंत्राने धरूच नयेत असं वर कळवते. मला आकडा हवाय, तो यंत्राला नाही म्हणायला."

रविवारी सकाळी प्रणिता कृत्तिकेला घेऊन आली आणि बाहेर बाकावर थांबली. दोन वेण्या, शाळेचाच स्वेटर. पोर आत येऊन खुर्चीवर बसली आणि पाय हलवायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, ही पट्टी लाळ तपासायची आहे, दुखत नाही. तिने जीभ उचलली. दोन मिनिटं ती भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मोजत होती.

डॉक्टरांनी पट्टी हातातल्या छोट्या यंत्रात सरकवली. आकडा आला चौसष्ट.

त्यांनी दुसरी पट्टी काढली. पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा चौसष्ट.

"शंभरपैकी का?" कृत्तिकेने विचारलं.

"हो."

"म्हणजे बरे पडले."

बाई खुर्चीवरून उठून तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. "कृतू, तुला कसली काळजी वाटते का गं?"

पोरीने दाराकडे बघितलं. दार बंद आहे याची खात्री केली. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "आजोबांना कॅन्सर आहे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आई झोपेत बोलते. रोज. पहिल्यापासून." ती बोटं मोजत असल्यासारखी थांबली. "ती असंही म्हणते, की सगळं झाल्यावर मलापण जायचंय. तेव्हा मी उठून तिचा हात धरून बसते. धरला की ती गप्प होते. मग सकाळी मला शाळेत झोप येते."

"आणि तू हे कुणालाच नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? आईला वाटतं मला काही माहीत नाही. तसं वाटलं की ती हसते." तिने डॉक्टरांची ओढणी धरली. "तुम्ही तिला सांगू नका हं. ती रडेल."

डॉक्टरांनी मनातल्या मनात बेरीज केली. अडुसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. एकशे पंचाण्णव. त्यांच्या सगळ्या सुबक बेरजांमध्ये हे पोर कधी धरलंच नव्हतं. आणि नियम म्हणतो, सांगा. आता बाहेर जाऊन सांगितलं, तुझी मुलगी पहिल्यापासून सगळं ऐकतेय, तुझा हात धरून बसतेय, तर ही चौसष्टवरून खाली येईल. आणि तिची आई त्रेसष्टवरून कुठे जाईल? सत्तरला सातच अंक राहिले होते.

"तू रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे ये," त्या कृत्तिकेला म्हणाल्या. "आपण बोलत जाऊ. जे मनात येईल ते मला सांगायचं. रात्री मावशींना तुमच्या खोलीतच झोपायला सांगते, म्हणजे आईचा हात त्या धरतील."

"आईला काय सांगू, कशाला जाते म्हणून?"

डॉ. मुजावर हळूच म्हणाल्या, "चित्रं काढायला जाते म्हण."

पोरीने समजूतदारपणे मान हलवली. हे तिला जमण्यासारखं होतं.

यंत्राच्या पडद्यावर प्रश्न आला होता, नोंद करायची का. बाईंनी 'नाही' दाबलं. पट्ट्या कचऱ्यात टाकल्या नाहीत, घडी करून कोटाच्या खिशात घातल्या. मग दार उघडलं.

प्रणिता बाकावरून उठली. तिने आधी मुलीचा चेहरा बघितला, मग डॉक्टरांचा.

"किती आला, मॅडम?"

"सहा," डॉक्टर म्हणाल्या.

प्रणिताने डोळे मिटून श्वास सोडला. कृत्तिका तिला जाऊन बिलगली, आणि प्रणिता तिच्या वेण्यांवरून हात फिरवत कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "निदान हिला तरी काही माहीत नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली.